नवऱ्याला कॅव्हियारची शेती करायचीय, ४०१-के मोडायचा का?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"ताई, आम्ही अठरा वर्षं कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतो. मिस्टर मूळचे मालवणचे, वय ५२. मार्चमध्ये त्यांची आयटीतली नोकरी गेली आणि तेव्हापासून घरात एकच विषय, स्टर्जन मासा आणि कॅव्हियार, म्हणजे त्याची अंडी. त्यांच्या एका मित्राने गॉल्टजवळ जागा बघितलीय, तिघांची पार्टनरशिप, प्रत्येकी अडीच लाख डॉलर. एवढी कॅश आमच्याकडे नाही म्हणून ४०१-के (नोकरीत साठवलेला निवृत्तीचा फंड) मोडायचं चाललंय. मित्राने एक्सेल शीट दिलीय: १००० मासे, प्रत्येकी ३ किलो अंडी, किलोला २००० डॉलर, म्हणजे दहा वर्षांनी ६० लाख डॉलर. मला पोटातून भीती वाटते पण मी काही बोलले की घरात अबोला. ही फसवणूक आहे का? हिशेब बरोबर आहे का? आणि त्यांना नाही कसं म्हणू? शनिवारी जागा बघायला जायचंय."

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी गेली २२ वर्षं सॅक्रामेंटो व्हॅलीतल्या शेतकऱ्यांचे हिशेब बघते, बदाम, द्राक्षं, दूधवाले आणि थोडे मासेवाले पण, त्यात स्टर्जनवाले आले, त्यामुळे या विषयावर मला जरा जास्तच बोलायचंय, सांभाळून घ्या. आधी उत्तर सांगून टाकते. ४०१-के मोडू नका. त्यातला एक डॉलरसुद्धा यात घालू नका. पण तुमच्या मिस्टरांची इच्छा मला वेडगळ वाटत नाही, त्यामुळे नुसतं "नको" म्हणून विषय मिटवायचा असंही मी सांगणार नाही.

फसवणूक आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. धंदा खरा आहे, आणि आपल्याच व्हॅलीतला आहे. व्हाइट स्टर्जन हा सॅक्रामेंटो नदीचा मूळचा मासा. एकेकाळी इतका मारला की १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याची व्यापारी मासेमारी कायमची बंद केली. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी सर्ज डोरोशोव्ह नावाचे शास्त्रज्ञ सोव्हिएत युनियन सोडून इथल्या यूसी डेव्हिस विद्यापीठात आले, तिकडे स्टर्जनच्या पैदाशीचं काम त्यांनी आधीच केलेलं होतं, आणि १९८० च्या आसपास इथे नदीतल्या माशांपासून पिल्लं काढायची पद्धत बसवली. एल्व्हर्टा, विल्टन, गॉल्ट या बाजूला जे स्टर्जन फार्म उभे राहिले ते सगळे या कामाच्या जोरावर. अमेरिकेत शेतीतून निघणाऱ्या कॅव्हियारचा मोठा हिस्सा अजूनही या पट्ट्यातून येतो. म्हणजे मित्राने गॉल्टचं नाव काढलं ते हवेतून काढलेलं नाही.

आणि मागणीची गोष्टही खोटी नाही. कॅव्हियार म्हणजे आपल्या भाषेत स्टर्जनची खारवलेली गाबोळी, मालवणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पूर्वी ती कॅस्पियन समुद्रातून यायची. व्होल्गावर धरणं झाली, माशांच्या अंडी घालायच्या जागा गेल्या, १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटल्यावर चोरट्या मासेमारीला धरबंध राहिला नाही, आणि १९९८ पासून स्टर्जनच्या सगळ्या जाती साइट्स करारात आल्या, म्हणजे परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात माल न्यायचा नाही. २००५ मध्ये अमेरिकेने बेलुगा जातीच्या स्टर्जनच्या कॅव्हियारची आयातच बंद केली. त्यामुळे आज बाजारात कायदेशीर जे दिसतं ते जवळजवळ सगळं शेतीचं असतं. नदीतला मासा वाचवायचा असेल तर शेतीचा मासा हवाच, आणि या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता ती एक्सेल शीट. तिच्यातली प्रत्येक ओळ वेगळी घेतली तर अर्धी खरी वाटते, पण सगळ्या मिळून जे उत्तर येतं ते अजिबात खरं नाही. आपण दोघी मिळून तपासू. यातले जगण्याचे आणि भावाचे आकडे मी समजायला सोपं म्हणून घेतेय, फार्मप्रमाणे खालीवर होतील, पण पद्धत हीच.

१००० बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडल्या. त्यातले निम्मे नर. नर अंडी देत नाही! शीट करणाऱ्याने इथेच अर्धा पैसा हवेत धरलाय. बाहेरून बघून नर-मादी कळत नाही, तीन-चार वर्षांचे झाले की एकेक मासा पाण्यातून काढून त्याची सोनोग्राफी करतात किंवा पोटाला छोटीशी चीर देऊन आत बघतात. अलीकडे काही जातींमध्ये डीएनए चाचणीनं लवकर कळायला लागलंय पण तो खर्च पण धरावा लागतो. म्हणजे तीन-चार वर्षं तुम्ही ५०० नरांना खाऊपिऊ घालणार आणि मग ते मांसासाठी विकणार. जगलेले ४०० धरा, पाच-पाच किलोचे, किलोला पाच-सहा डॉलर, सगळे मिळून दहा-बारा हजार डॉलर.

राहिल्या ५०० माद्या. दहा वर्षांत काही मरणार, पिल्लूपणी तर जास्तच, व्हाइट स्टर्जनला एक इरिडोव्हायरस नावाचा रोग होतो तो लहान पिल्लांच्या टाक्याच्या टाक्या रिकाम्या करतो. ३२५ जगल्या म्हणू. त्या सगळ्या एकाच वर्षी तयार होत नाहीत, कोणी आठव्या वर्षी, कोणी दहाव्या, कोणी बाराव्या. काहींची अंडी मऊ पडतात, काहींची चरबीत अडकतात. चांगला माल देणाऱ्या २७५ धरल्या आणि प्रत्येकी ३ किलो (३० किलोची मादी, दहा टक्के गाबोळी, हा आकडा मित्राने बरोबर घेतलाय) म्हणजे ८२५ किलो.

आणि भाव? किलोला २००० डॉलर हा काचेच्या कपाटातला भाव आहे. तीस ग्रॅमचा छोटा डबा सत्तर-ऐंशी डॉलरला दिसतो म्हणून माणूस गुणाकार करतो. पण तो डबा भरणारा, लेबल लावणारा, गार गाडीतून पोचवणारा, दुकानदार, वेबसाइटवाला, शिळा झाला तर फेकणारा हे सगळे त्या सत्तर डॉलरमधून जेवतात. शेतकऱ्याला मोठ्या डब्यात जो घाऊक भाव मिळतो तो किलोला काही शे डॉलर. ५०० धरू. ८२५ गुणिले ५००, ४ लाख १२ हजार ५००. तेही एकदम नाही, आठव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत विखरून.

साठ लाखांचे चार लाख झाले.

आता खर्चाची एकच बाजू सांगते, बाकीच्या सांगायची गरजच पडणार नाही. माशाला दिवाळी-रविवार नसतो, एक माणूस तरी ठेवायलाच लागतो. कॅलिफोर्नियात २०२५ चं किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर, वर्षाचे २०८० तास, ३४ हजार ३२० डॉलर. दहा वर्षांचे ३ लाख ४३ हजार. एका माणसाच्या किमान पगारानंच जवळजवळ सगळी गाबोळी खाल्ली, अजून खाद्य, जागेचं भाडं, विहिरीचा पंप, ऑक्सिजन, डॉक्टर, विमा यातलं काहीच धरलेलं नाही, आणि वीज तर आपल्याकडे देशातल्या सगळ्यात महागांपैकी. १००० माशांना पण एक माणूस लागतो आणि पाच-सात हजार माशांनाही सुरुवातीला तेवढाच लागतो, म्हणून हा धंदा छोटा करता येत नाही. ज्यांचं चालतं त्यांचं आकारावर चालतं नाहीतर स्वतःच्या ब्रँडवर, थेट गिऱ्हाईकाला विकून.

पण हे सगळं एक वेळ दुरुस्त करता येईल, मोठं करा, भांडवल वाढवा, ब्रँड करा. मला खरी भीती वाटते ती भावाची, आणि ती समजायला तुम्हाला कॅव्हियार नाही, कांदा आठवायला हवा.

कांद्याला भाव आला की सगळे कांदा लावतात, चार महिन्यांनी सगळ्यांचा एकदम बाजारात, भाव पडतो, मग वैतागून कोणी लावत नाही, परत भाव चढतो. लासलगावला हे किती वर्षं चाललंय. आता हेच चक्र चार महिन्यांऐवजी दहा वर्षांचं झालं तर काय होईल बघा. जंगली मासा आटला, कॅव्हियारचा भाव गगनाला गेला, तो बघून जगभरात लोकांनी तळी खोदली, चीन, इटली, फ्रान्स, उरुग्वेपासून अबू धाबीच्या वाळवंटापर्यंत. त्या सगळ्यांच्या माद्या साधारण एकाच काळात पिकल्या. चीनमध्ये चजियांग प्रांतात छिआनदाओ म्हणून एक मोठं धरणाचं सरोवर आहे, तिथे २००३ साली सुरू झालेली एक कंपनी, कलुगा क्वीन या नावाने विकतात, ती एकटी आता जगाच्या कॅव्हियारचा साधारण एक तृतीयांश पुरवते. २०१२ नंतरच्या सहा-सात वर्षांत अमेरिकेत घाऊक भाव निम्म्याच्याही खाली आला. ज्या शेतकऱ्याने जुना भाव बघून पिल्लं सोडली होती त्याच्या माद्या नेमक्या या पडलेल्या भावात तयार झाल्या, आणि तो काय करणार होता? पेरलेलं पीक मोडून दुसरं घेता येतं. सहा वर्षं वाढवलेला मासा मोडून काय घेणार?

आणि थांबताही येत नाही हो. कांदा निदान चाळीत भरून दोन-तीन महिने वाट बघता येते. इथे मादी पिकली की पिकली. दरवर्षी शरद ऋतूत एकेक मादी उचलतात, परत सोनोग्राफी, बारीक नळीने चार अंडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की अंड्यातलं केंद्रक कडेला किती सरकलंय, त्यावरून ठरतं ही या हंगामात काढायची का पुढच्या. अंडी अंगातून सुटायच्या आधीच काढावी लागतात, सुटली की चिकट आणि मऊ होतात, त्यांचा चांगला कॅव्हियार होत नाही, म्हणूनच मादी मारावी लागते. आणि नाही काढली तर ती अंडी तिच्याच शरीरात विरून जातात. मग पुढची खेप दोन ते चार वर्षांनी, तोवर खायला घाला. भाव बरा नाही म्हणून यंदा थांबू, हे म्हणायची सोय फार थोडी. काढल्यावर तीन-चार टक्के मीठ लावून उणे दोन-तीन डिग्रीला ठेवला तरी ताज्या मालाचं आयुष्य महिन्यांतच मोजायचं, आणि युरोपात टिकवायला जो बोरॅक्स चालतो तो अमेरिकेत चालत नाही.

एक गोष्ट सांगते, आकड्यांपेक्षा ती माझ्या जास्त लक्षात राहिलीय. माझं एक गिऱ्हाईक होतं, फार्मचं नाव सांगत नाही. नवरा-बायको दोघंच, मुलं कॉलेजला. जुलैतली रात्र, दिवसभर ४० च्या वर ऊन होतं, पाणी आधीच गरम आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. जनरेटर होता, चांगला महागाचा होता, पण वीज गेल्यावर जो आपोआप बदलायचा स्विच असतो तो अडकला. अलार्म फोनवर येतो, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत होता. सकाळी पाचला ते उठून गेले तेव्हा दोन टाक्यांमधले मासे उलटे तरंगत होते. सात वर्षांच्या माद्या. तीन वर्षांनी विकणार होते त्या. मी दुपारी गेले तर ती बाई टाकीच्या कठड्यावर बसली होती आणि मला म्हणाली, आता हे पुस्तकात कसं लिहिणार तू? मी हिशेबनीस, मला लिहिता येतं, कोणत्या खात्यात किती टाकायचं ते मला माहिती आहे, पण सात वर्षांचं सकाळ-संध्याकाळ कोणत्या खात्यात टाकू? विमा होता, पण विम्याने खाद्याचा आणि पिल्लांचा खर्च धरला, होणारं उत्पन्न धरलं नाही. बदामवाल्याचं एक वर्ष वाया गेलं तर झाड उभं असतं.

म्हणून या धंद्यात जे टिकले त्यांच्याकडे बघाल तर बहुतेकांकडे कुठली तरी एक गोष्ट फुकट किंवा स्वस्त होती. इटलीत ब्रेशियाजवळ काल्विझानो नावाचं गाव आहे, तिथला फार्म जगात नावाजलेला. तो एका पोलाद कारखान्याच्या शेजारी उभा राहिला, कारखान्यातून बाहेर पडणारी उष्णता माशांचं पाणी कोमट ठेवायला वापरली, कोमट पाण्यात मासा लवकर वाढतो. मासा कोणता? आपलाच कॅलिफोर्नियाचा व्हाइट स्टर्जन. आयडाहोत झऱ्याचं पाणी बाराही महिने एका तापमानाचं मिळतं, पंप सुद्धा फार लागत नाही. तुमच्या मिस्टरांना मित्राला एवढंच विचारायला सांगा की आपल्याकडे काय स्वस्त आहे? वीज? पाणी? २०१४ च्या भूजल कायद्यानंतर व्हॅलीत विहिरीच्या पाण्यावर सुद्धा मोजमाप आणि मर्यादा येत चालल्यात. मजूर? जमीन? आणि नुसतं कोमट पाणी पण पुरत नाही, शेवटच्या टप्प्यात अंडी नीट पिकायला मादीला हिवाळ्याची थंडी लागते, बारमाही कोमट ठेवली तर अंडी बिघडतात, म्हणजे एकदा तापवा आणि मग गार करा.

आता तुमचा पैसा. ५२ व्या वर्षी ४०१-के मोडला तर साडेएकोणसाठच्या आधी म्हणून १० टक्के फेडरल दंड, अडीच टक्के कॅलिफोर्नियाचा, आणि काढलेली सगळी रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून दोन्ही टॅक्स वेगळे. तुमचा पगार धरून हातात अडीच लाख यायला साधारण साडेचार लाख काढावे लागतील. नोकरी सुटल्यावर दंड माफ असतो असं कोणी सांगितलं असेल तर ती सवलत ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडणाऱ्याला आहे, ५२ ला नाही. आणि तेच साडेचार लाख तिथेच राहिले आणि वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले असं धरलं तर दहा वर्षांनी साडेनऊ लाखांच्या वर होतात. म्हणजे मित्राच्या फार्मने तुमच्या एकट्याच्या वाट्याला साडेनऊ लाख दिले तर तुम्ही जेमतेम बरोबरीत, आणि वर मी जो हिशेब मांडला त्यात तिघांत मिळून चार लाख येत होते, खर्च वजा न करता. तुमचे मिस्टर तेव्हा ६२ चे असतील.

एक अजून. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात, त्या ४०१-के मध्ये लग्नानंतर जमलेल्या पैशात तुमचा वाटा आहे. तेव्हा "त्यांचा पैसा, मी कशी बोलू" असं मनात असेल तर ते काढून टाका. आणि कुठल्याही कर्जाला किंवा भाडेकराराला वैयक्तिक हमीची सही तुम्ही दोघांपैकी कोणीच करायची नाही. अडीच लाख बुडाले तर बुडाले, त्याच्यामागे घर जाता कामा नये. साधी पार्टनरशिप असेल तर बाकी दोघांनी केलेलं कर्ज पण तुमच्या अंगावर येऊ शकतं, एलएलसी, म्हणजे भागीदाराची जबाबदारी त्याच्या गुंतवणुकीपुरती ठेवणारी कंपनी, आहे का ते बघा.

फसवणुकीबद्दल परत येते, कारण मला एक जुनी जखम आहे. माझे मामा वाळवा तालुक्यातले. २०१९ च्या आधी त्या भागात कडकनाथ कोंबडीची लाट आली होती, पिल्लं आम्ही देतो, खाद्य आम्ही देतो, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने घेतो. मामांनी म्हशी विकून शेड घातली. पहिल्या काही लोकांना पैसे मिळाले पण ते पैसे नवीन येणाऱ्यांना पिल्लं विकून आलेले होते, कडकनाथ खाणारं गिऱ्हाईक तेवढं नव्हतंच, आणि एक दिवस गाड्या यायच्या बंद झाल्या. त्याच्या सात-आठ वर्षं आधी इमूचं पण असंच झालं होतं. कोंबडीत हे दीड-दोन वर्षांत उघडं पडलं. स्टर्जनमध्ये दहा वर्षं कोणी विचारणारच नाही की माल कुठाय, कारण माल दहा वर्षांनीच येणार हे सगळ्यांना आधीच माहिती असतं! मित्र खोटारडा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, बहुतेक तो स्वतःच त्या शीटच्या प्रेमात पडलाय. पण शीटमध्ये मधल्या वर्षांचं उत्पन्न म्हणून "बोटुकल्यांची विक्री" किंवा "नवीन पार्टनर" अशी ओळ असेल तर तिथेच थांबा. आणि कोणी "तयार माल आम्हीच परत घेऊ" असं लिहून देत असेल तर दहा वर्षांनी तो कोणत्या पैशातून घेणार हे लेखी मागा.

आता सगळ्यात अवघड, त्यांना कसं सांगायचं.

मार्चमध्ये नोकरी गेली आणि तेव्हापासून मासे. मला वाटतं तुम्ही याच्याकडे पैशाचा प्रश्न म्हणून बघताय आणि ते त्याच्याकडे सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न म्हणून बघतायत. अठरा वर्षं स्क्रीनसमोर काढलेल्या मालवणच्या माणसाला पाण्यापाशी परत जावंसं वाटलं तर त्यात चूक काय आहे? तुम्ही "नाही" म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं की तुला आता काही जमणार नाही. अबोला त्याचाच असावा. म्हणून भांडण पैशावर आणा आणि इच्छेला हात लावू नका. असं म्हणून बघा, "तुम्हाला मासे करायचेत ना, करा, मी बरोबर आहे, पण म्हातारपणाचा पैसा त्यात जाणार नाही, दुसरा रस्ता शोधू, मी पण शोधते."

आणि दुसरे रस्ते खरंच आहेत. पहिला, एक पूर्ण वर्ष कुठल्या तरी फार्मवर काम करायचं. पगार कमी असेल पण शरद ऋतूतली सोनोग्राफी, हिवाळ्यातली कापणी, उन्हाळ्यातल्या रात्री सगळं बघून होईल. दहा वर्षं हाताने खाऊ घातलेली मादी मारून तिची अंडी चाळणीवर घासायचं काम आपल्याला झेपतंय का हेही तिथेच कळेल, ते सगळ्यांना झेपत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. आणि ते आयटीचे आहेत ना? या फार्मना सेन्सर, अलार्म, माशागणिक नोंद ठेवणाऱ्या चिप, यांची फार गरज आहे. प्रत्येक मादीच्या अंगात चिप असते आणि तिचा दहा वर्षांचा इतिहास कुठे तरी नीट लिहून ठेवावा लागतो. त्या रात्री माझ्या गिऱ्हाईकाकडे अलार्म दुसऱ्या माणसाकडे पण गेला असता तर ते मासे आज विकले गेले असते. या कामाचे पैसे पहिल्या महिन्यापासून मिळतात.

दुसरा, मासे न पाळता कॅव्हियारमध्ये शिरायचं. फार्मवरून मोठे डबे घ्यायचे, छोट्या डब्यांत भरून रेस्टॉरंटना आणि घरगुती गिऱ्हाईकांना विकायचं. परवाने लागतात, थंड साखळी लागते, पण भांडवल महिन्यांत फिरतं. चीनच्या स्वस्त मालाने शेतकऱ्याला मारलं, विकणाऱ्याला तारलं. पंचवीस-तीस हजारांत सुरुवात करून बघता येते, तेही बचतीतले, ४०१-के मधले नाहीत.

तिसरा, मासेच पाळायचे असतील तर बोटुकलीपासून कशाला? सात-आठ वर्षांच्या, नर-मादी तपासलेल्या, अंड्यांचं लक्षण दिसलेल्या माद्यांत हिस्सा घ्यायचा. महाग पडतात, पण त्यातली वाट बघायची वर्षं दुसऱ्याने भरलेली असतात. मात्र त्या कोणाच्या टाकीत राहणार, मेल्या तर कोणाच्या, हे कागदावर आल्याशिवाय नाही.

शनिवारी जरूर जा, दोघं जा. गमबूट न्या. मित्राला विचारा की कॅलिफोर्निया फिश अँड वाइल्डलाइफ खात्याकडे मत्स्यशेतीची नोंदणी झालीय का, वापरलेलं पाणी सोडायचा परवाना कोणाच्या नावावर आहे, पिल्लं कोणत्या हॅचरीतून येणार आणि त्यांची रोगतपासणी कोण करून देणार. विहिरीची खोली आणि मागच्या तीन उन्हाळ्यांतली पातळी विचारा. शीटमधला २००० काढून तिथे ५०० टाकायला सांगा आणि नरांची ओळ घालायला सांगा, त्यांच्यासमोरच, लॅपटॉपवर, मिस्टरांना स्वतः बघू दे. शेजारी एखादा चालू फार्म असेल तर तिथे जाऊन हिवाळ्यात किती माद्या काढल्या आणि घाऊक काय भाव मिळाला तेवढं विचारा, शेतकरी माणसं सांगतात.

आणि निघायच्या आधी मेन स्विच पाडायला सांगा, घड्याळ लावा, आणि जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो ते मोजा.